सीडी ओरिजिनल की डुप्लिकेट? चित्रपटांच्या डिस्कबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रपटांच्या नव्या डिस्क विकणारी दुकानं आता शोधावी लागतात. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं, बाकीचीही एकेक करत गेली. आता व्यवहार होतो तो पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात, रद्दीच्या दुकानांत, ऑनलाइन विक्रेत्यांकडे आणि घर आवरताना कपाट रिकामं करणाऱ्यांकडे. पारख घेणाऱ्यानेच करायची. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: कोणत्याही एका खुणेवरून निकाल देऊ नका. रंग, होलोग्राम आणि किंमत या तीन गोष्टी सगळे बघतात, आणि नेमक्या त्याच सर्वांत कच्च्या आहेत.

डुप्लिकेट म्हणजे नेमकं काय? सगळ्या चोरट्या डिस्क एकाच प्रकारच्या असतात का?

नाही, आणि प्रकार ओळखला की पुढचं काम सोपं होतं. पहिला प्रकार म्हणजे कोऱ्या डिस्कवर राइट केलेली प्रत. स्टेशनबाहेर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, रंगीत झेरॉक्ससारख्या कव्हरसकट मिळायची ती हीच. दुसरा प्रकार कारखान्यात साच्यातून काढलेल्या चोरट्या प्रतीचा. दिसायला ती अस्सल डिस्कसारखीच असते आणि जाणकारालाही फसवते. तिसरा प्रकार म्हणजे सात-आठ चित्रपट कोंबलेली ‘कलेक्शन’ डिस्क.

यांच्या जोडीला आणखी एक डिस्क असते, जिला लोक उगाच डुप्लिकेट म्हणतात: अस्सल कंपनीची, पण दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी काढलेली आणि इथे परस्पर आलेली. ती विकण्याच्या हक्काचा प्रश्न वेगळा आहे, पण डिस्क खोटी नाही.

डिस्क हातात आली की पहिल्यांदा कुठे बघायचं?

मधल्या भोकाभोवती. छापील बाजू खाली करा, डिस्क खिडकीच्या किंवा टेबललॅम्पच्या उजेडात तिरपी धरा आणि सावकाश फिरवा. डेटा सुरू होतो त्याच्या आतल्या बाजूला आरशासारखा चकचकीत पट्टा दिसेल. त्यावर एक क्रमांक असतो, कधी बारीक बारकोड असतो. हा मॅट्रिक्स क्रमांक. अनेकदा त्यात कंपनीचा कॅटलॉग नंबर किंवा चित्रपटाच्या नावाचं संक्षिप्त रूप असतं. तो कव्हरच्या कण्यावरच्या नंबराशी जुळतो का, ते पाहा. कव्हर एका चित्रपटाचं आणि मॅट्रिक्समधलं नाव दुसऱ्याचं असेल, तर पुढे बघायची गरजच नाही.

त्याच पट्ट्यावर रोमन लिपीत ‘आयएफपीआय’ ही चार अक्षरं आणि पुढे ‘एल’पासून सुरू होणारा छोटा कोड शोधा. मग आणखी आत, पारदर्शक प्लास्टिकवर या. तिथे तीच चार अक्षरं आणि चार-पाच अक्षर-अंकांचा दुसरा कोड असतो. तो छापलेला नसतो, प्लास्टिकमध्येच उमटलेला असतो. रंग नसल्यामुळे सरळ धरलेल्या डिस्कवर दिसत नाही. अक्षरं जेमतेम मिलिमीटरभर उंचीची. मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघितलेलं बरं.

हा कोड आला कुठून, आणि त्याला एवढं महत्त्व का?

ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (आयएफपीआय हे त्याचंच लघुरूप) आणि फिलिप्सने १९९४ मध्ये ही पद्धत सुरू केली. ‘एल’वाला कोड सांगतो की मास्टर, म्हणजे जिच्यावरून बाकी प्रती निघतात ती मूळ प्रत, कुठे तयार झाली. प्लास्टिकमधला कोड सांगतो की डिस्क कोणत्या कारखान्यातल्या कोणत्या साच्यातून निघाली. हा दुसरा कोड साच्याच्या धातूवरच कोरलेला असतो, त्यामुळे त्यातून निघणाऱ्या प्रत्येक डिस्कवर तो उमटतो.

मुद्दा असा, की डिस्कवरचा चित्रपट कॉपी करता येतो, कव्हर स्कॅन करता येतं, पण कोऱ्या डिस्कवर राइट करणाऱ्याला साच्याची खूण त्याबरोबर उचलता येत नाही. चोरट्या प्रती काढणाऱ्या कारखान्यांनाही हे माहीत होतं. म्हणून काही ठिकाणी साच्यावरचा कोड घासून टाकला जायचा. कोडाच्या जागी मुद्दाम खरवडल्यासारखा खरखरीत डाग दिसला, तर तो नुसता कोड नसण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. विनाकारण कोणी साचा घासत नाही.

माझ्या मराठी चित्रपटाच्या व्हीसीडीवर असा कोड नाही. नकली समजू का?

तेवढ्यावरून नाही. मलेशियाने २००० साली ऑप्टिकल डिस्कसाठी वेगळा कायदा करून कारखान्यांवर परवान्याची आणि कोडची सक्ती केली. भारतात तशी सक्ती नव्हती. आपल्याकडच्या लहान कारखान्यांतून निघालेल्या, पूर्ण अधिकृत असलेल्या डिस्कही कोडशिवाय सापडतात. मोठ्या हॉलिवूड कंपनीच्या डीव्हीडीवर मात्र दोन्ही कोड गायब असतील तर शंका घ्यायला जागा आहे. म्हणजे प्रश्न कोड आहे की नाही एवढाच नाही. या कंपनीच्या, या काळातल्या दुसऱ्या डिस्कवर तो असतो का, हाही आहे. घरात त्याच कंपनीची खात्रीची डिस्क असेल तर ती शेजारी ठेवून बघा. संग्राहक हीच पद्धत वापरतात आणि तिच्याइतकी चांगली दुसरी नाही.

खालची बाजू जांभळी किंवा हिरवट आहे. मग तर नक्कीच डुप्लिकेट ना?

बहुतेक वेळा हो. कारखान्यात तयार झालेल्या डिस्कमध्ये डेटा प्लास्टिकमध्येच दाबलेला असतो आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, म्हणून ती चंदेरी दिसते. कोऱ्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि लेसर त्यावर खुणा उमटवतो. राइट करायच्या डीव्हीडीची खालची बाजू जांभळट, सीडीची हिरवट, निळसर किंवा सोनेरी दिसते. छापील कव्हर, एमआरपी, कंपनीचं नाव असा सगळा थाट आणि आत जांभळी डिस्क, हा मेळ बसत नाही.

पण दोन अपवाद लक्षात ठेवा. पहिला परदेशातला. वॉर्नरने २००९ मध्ये ‘वॉर्नर आर्काइव्ह’ नावाने जुने, कमी खपाचे चित्रपट मागणी येईल तसे राइट करून विकायला सुरुवात केली. त्या डिस्क जांभळ्या, तरीही शंभर टक्के अधिकृत.

दुसरा अपवाद आपल्या घरचा. कीर्तनकार, शाहीर, एकांकिका करणारे संघ, गावची भजनी मंडळं यांनी स्वतःच्या कार्यक्रमाच्या सीडी शे-दोनशे प्रतींत राइट करून प्रयोगाच्या ठिकाणीच विकल्या. कारखान्यात साचा बनवून घेणं हजारोंच्या खपाशिवाय परवडत नाही, मग दुसरं काय करणार? अशा डिस्कचे हक्क त्या कलाकाराचेच. त्यांना चोरटं म्हणणं अन्यायाचं आहे, आणि त्यांतल्या कित्येक ध्वनिचित्रमुद्रणांची दुसरी प्रत कुठे उरलेलीही नसेल. रंगद्रव्य काळाने उडतं, म्हणून अशी डिस्क हाती आली तर आधी तिची फाइल संगणकावर उतरवून ठेवा.

आणि चंदेरी असली तर ओरिजिनल?

मुळीच नाही. वर सांगितलेला दुसरा प्रकार चंदेरीच असतो. चंदेरी म्हणजे कारखान्यात तयार झालेली, एवढंच. तो कारखाना कोणाच्या परवानगीने चालला होता, ते रंग सांगत नाही.

डीव्हीडीला किंचित सोनेरी झाक आहे. हे काय?

दोन थरांची, म्हणजे ८.५ जीबीची डीव्हीडी. वरच्या अर्धपारदर्शक थरामुळे ती तशी दिसते. चांगली खूण आहे; मोठ्या कंपन्यांचे लांब चित्रपट बहुधा अशाच डिस्कवर येतात.

कव्हरवरून काय कळतं?

बरंच. मोठं शीर्षक आणि नायक-नायिकेचे चेहरे सोडा, ते कोणीही चांगले छापतो. मागच्या बाजूची सर्वांत बारीक अक्षरं वाचा. अस्सल कव्हर मूळ डिझाइन फाइलवरून छापलेलं असतं, त्यामुळे दोन मिलिमीटरची ओळही कडक, काळी दिसते. स्कॅन करून छापलेल्या कव्हरमध्ये तीच अक्षरं फुगलेली, कडेला रंगीत झालर असलेली दिसतात. सपाट रंगाच्या जागी जाळीदार लाटा उमटतात. बारकोडच्या रेषा एकमेकींत मिसळलेल्या असतात.

डिस्कवरची छपाईही बघा. कंपनीची डिस्क सहसा स्क्रीन किंवा ऑफसेट पद्धतीने थेट छापलेली असते, भोकाजवळपर्यंत रेषा स्वच्छ. कागदी स्टिकर चिकटवलेला असेल, किंवा ओल्या बोटाने रंग सुटत असेल (इंकजेट छपाई), तर ती घरगुती प्रत. नाव लिहायला आखलेल्या रेषा आणि मार्करने लिहिलेलं शीर्षक असेल तर प्रश्नच संपला.

शुद्धलेखनाच्या चुकांवर फार जाऊ नका. आपल्याकडच्या अधिकृत मराठी डिस्कच्या कव्हरवरही दिग्दर्शकाचं नाव चुकलेलं आढळतं, आणि मागचा मजकूर वाचून डोक्याला हात लावायची वेळ येते. परदेशी कंपनीच्या कव्हरवर मात्र मागे भलत्याच चित्रपटाची श्रेयनामावली असणं ही चोरट्या प्रतींची नेहमीची खूण आहे.

कायद्याने कव्हरवर काय असायलाच हवं?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, खरं तर सुरुवात इथून करायला हवी. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये १९८४ च्या दुरुस्तीने कलम ५२अ आलं. तेव्हा डोळ्यांसमोर व्हिडिओ कॅसेट होत्या, पण तरतूद डिस्कलाही लागू पडते. त्यानुसार डिस्कच्या वेष्टनावर आणि चित्रपट सुरू होताना पडद्यावर तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: सेन्सॉर प्रमाणपत्र लागणारा चित्रपट असेल तर त्या प्रमाणपत्राची प्रत, व्हिडिओ प्रत काढणाऱ्याचं नाव-पत्ता आणि हक्कधारकाची परवानगी घेतल्याचं त्याचं निवेदन, आणि हक्कधारकाचं नाव-पत्ता. या गोष्टी न देता प्रत काढली तर कलम ६८अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

याशिवाय डिस्क ही वेष्टनबंद वस्तू आहे. म्हणून वजनमापांच्या नियमांप्रमाणे सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि उत्पादकाचा पत्ता हेही आलं. परदेशातून आयात होऊन दुकानात विकलेल्या डिस्कवर आयातदाराचा स्टिकर हवा.

आता हे सगळं हातातल्या डिस्कवर शोधा. फुटपाथवरच्या प्रतीवर पत्ताच नसतो, किंवा नुसतं ‘मुंबई’ असतं. कधी मागच्या बाजूला तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे लोगो ओळीने लावलेले असतात आणि एकीचाही पत्ता नसतो. उलट खात्रीच्या मराठी डिस्कवर हक्क कोणाचे, वितरण कोणाचं, पत्ता काय, हे कंटाळा येईल इतकं लिहिलेलं असतं.

सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं. मग शंका कशाला?

कारण चोरटी प्रत अधिकृत डिस्कवरून काढली असेल तर प्रमाणपत्रही आपोआप त्यात आलेलं असतं. तिथे थांबवून वाचा. चित्रपटाचं नाव, भाषा, अर्जदार, तारीख आणि लांबी त्यावर असते. प्रमाणपत्रावरचा अर्जदार आणि कव्हरवरचा हक्कधारक यांचा काही संबंध लागतो का? प्रमाणपत्रावरची लांबी आणि डिस्कवरचा वेळ यांत अर्ध्या तासाचा फरक आहे का? प्रमाणपत्र नसणं ही भारतीय डिस्कच्या बाबतीत मोठी त्रुटी. असणं हा पुरावा नाही.

होलोग्राम आहे, सीलही फुटलेलं नाही.

होलोग्रामचे स्टिकर छापून मिळतात आणि प्लास्टिक आवळणारं यंत्र महाग नसतं. दोन्हींना फार भाव देऊ नका.

किंमत अगदीच कमी होती. त्यावरून ठरवता येतं का?

नाही, आणि याचं कारण इतिहासात आहे. कोऱ्या सीडी-डीव्हीडी बनवणारी मोझर बेअर ही कंपनी २००७ च्या सुमारास चित्रपटांच्या धंद्यात उतरली. व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना, असा भाव तिने लावला. तोवर अधिकृत डीव्हीडीला शेकड्यांत पैसे मोजावे लागत. फुटपाथवाल्याची सगळी मदार त्या फरकावर होती. तो फरकच काढून घ्यायचा, हा त्यामागचा हिशोब. बाकी कंपन्यांनाही भाव उतरवावे लागले. त्या काळात घेतलेल्या हजारो डिस्क स्वस्त आहेत आणि अस्सलही आहेत. कंपनी पुढे कर्जात बुडाली, २०१८ मध्ये ती मोडीत काढण्याचा आदेश निघाला.

यातून एक गोंधळ मात्र राहिला. याच कंपनीच्या कोऱ्या डिस्कही घरोघर होत्या आणि चोरट्या प्रतींसाठीही वापरल्या गेल्या. म्हणून डिस्कवर त्या कंपनीचं नाव दिसलं की चित्रपटाचं शीर्षक छापलंय की नुसती कोऱ्या डिस्कची जाहिरात आहे, ते बघा.

जुन्या बाजारात तर किंमत काहीच सांगत नाही. तिथे दुर्मीळ ओरिजिनल वीस रुपयांना मिळते आणि ऑनलाइन डुप्लिकेट दोन हजारांना.

एका डीव्हीडीवर तीन चित्रपट म्हणजे नकलीच?

तीन असतील तर थांबून बघा, कारण काही भारतीय कंपन्यांनी अधिकृतपणेही दोन-तीन चित्रपट एका डिस्कवर दिले. सात-आठ असतील तर मात्र विचार करू नका.

हिशोब साधा आहे. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. अडीच तासांचे तीन चित्रपट म्हणजे साडेसात तास. चित्र-आवाजाच्या दर सेकंदाला जेमतेम १.४ मेगाबिट डेटा वाट्याला येतो. दोन थरांच्या डिस्कवर एकच अडीच तासांचा चित्रपट असेल तर हाच आकडा ७.५ मेगाबिटच्या आसपास जातो. फरक डोळ्यांना दिसतो. गर्दीची दृश्यं, लेझीम, पाऊस, धूर आला की चित्राचे चौकोन पडतात. मेन्यू नाही, प्रकरणं नाहीत, सबटायटल नाहीत किंवा भलत्याच चित्रपटाची आहेत, ही त्याच कोंबाकोंबीची पुढची लक्षणं.

व्हीसीडीसाठी वेगळं काही बघायचं का?

हो. मराठी चित्रपट आणि नाटकं डीव्हीडीपेक्षा व्हीसीडीवरच जास्त आली, म्हणून हे नीट समजून घ्या. व्हीसीडीचं मानक १९९३ चं. चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, आणि एका डिस्कवर ७४ ते ८० मिनिटं. त्यामुळे सव्वादोन-अडीच तासांचा चित्रपट दोन डिस्कवर, तीन तासांचा तीनवर. अख्खा लांब चित्रपट एकाच ‘व्हीसीडी’वर असेल तर ती व्हीसीडी नव्हेच; सीडीवर दुसऱ्या कुठल्या तरी स्वरूपातली फाइल टाकलेली आहे.

संगणकात घालून बघा. खऱ्या व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर असतो आणि त्यात ‘डॅट’ फाइल. नुसत्या ‘एव्हीआय’ किंवा ‘एमपी४’ फाइल दिसल्या तर ती घरगुती प्रत समजा. चित्र पुसट आहे एवढ्यावरून मात्र व्हीसीडीला दोष देऊ नका. अस्सल व्हीसीडीचंही चित्र मोठ्या टीव्हीवर तसंच दिसतं.

दोन डिस्कच्या संचात एक चंदेरी आणि एक हिरवी निघणं जुन्या बाजारात नेहमीचं आहे. फुटलेली डिस्क कोणीतरी राइट करून भरून काढलेली असते. विक्रेत्याला ते माहीतही नसतं.

संगणकावर पक्की तपासणी कशी करायची?

डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर ‘इमगबर्न’सारखं मोफत सॉफ्टवेअर डिस्कचा प्रकार दाखवतं. ‘डीव्हीडी-रॉम’ दिसलं तर कारखान्यातली, ‘डीव्हीडी-आर’ दिसलं तर राइट केलेली. राइट केलेली असेल तर कोरी डिस्क बनवणाऱ्याचा संकेतही दिसतो. ‘एमबीआय’पासून सुरू झाला तर मोझर बेअर.

यात एक पळवाट आहे. ‘डीव्हीडी प्लस आर’ प्रकारच्या डिस्कवर राइट करताना तिचा प्रकार बदलून ‘रॉम’ असा नोंदवता येतो. म्हणून खालची बाजू जांभळी आणि संगणक ‘रॉम’ म्हणतोय, असा पेच आला तर डोळ्यांवर विश्वास ठेवा.

डेटा किती जीबी आहे तेही बघा. विंडोजमध्ये एका थराची भरलेली डिस्क ४.३७ जीबी आणि दोन थरांची ७.९५ जीबी दिसते. मूळ डिस्क दोन थरांची होती असं माहितीत आहे आणि तुमच्याकडची नेमकी ४.३ जीबीची आहे, म्हणजे कोणीतरी ती आवळून एका थरात बसवलेली आहे. जाहीर झालेले जादा भाग, मुलाखती, दुसरा ध्वनिपट्टा हे सगळं त्यात गळालेलं असतं.

कॉपी-संरक्षण नाही म्हणून नकली, असं मात्र ठरवू नका. भारतीय अधिकृत डीव्हीडींवरही ते अनेकदा नसतं.

रीजन कोडवरून काही कळतं का?

थोडंफार. डिस्क जगाच्या कोणत्या विभागातल्या प्लेअरवर चालेल, हे हा कोड ठरवतो. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या विभागात येतो, अमेरिका-कॅनडा पहिल्या, युरोप दुसऱ्या. चोरट्या डिस्कवर विभाग जवळजवळ नेहमी ‘सर्व’ असतो. पण हिंदी चित्रपटांच्या कित्येक अस्सल डीव्हीडीही ‘सर्व विभाग’ म्हणून आल्या, कारण त्यांचा मोठा ग्राहक परदेशात होता. हॉलिवूड चित्रपटाची डीव्हीडी सर्व विभागांची असेल तर शंका घ्या, हिंदी असेल तर सोडून द्या.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो: दादरहून आणलेली डीव्हीडी इथे चालत नाही, फसवलं का? शक्यता कमी. डिस्क पाचव्या विभागाची असेल तर तिथला प्लेअर ती नाकारतो. पाल, म्हणजे भारतातल्या टीव्हीच्या चित्रपद्धतीची असेल तर जुना अमेरिकन प्लेअर आणि टीव्ही अडतो. गंमत म्हणजे डुप्लिकेट असती तर बहुधा चालली असती.

ब्लू-रेच्याही नकली प्रती असतात?

असतात, आणि पैशांनी जास्त मोठं नुकसान त्यांतच होतं. सर्वांत आधी हा चित्रपट अधिकृतपणे ब्लू-रेवर आलाय का, ते शोधा. ‘ब्लू-रे डॉट कॉम’ आणि ‘डीव्हीडी कंपेअर’ या संकेतस्थळांवर देशोदेशीच्या आवृत्त्यांची नोंद असते. कुठेच न आलेली आवृत्ती एखाद्या विक्रेत्याकडेच सुंदर कव्हरसह मिळत असेल, तर ती त्यानेच बनवलेली आहे.

राइट केलेली ब्लू-रे खालच्या बाजूने काळपट तपकिरी किंवा सोनेरी दिसते. कारखान्यात तयार झालेल्या चित्रपटाच्या ब्लू-रेवर एएसीएस हे कॉपी-संरक्षण सक्तीचं असतं. डीव्हीडीत जशी सवलत दिली तशी इथे देऊ नका. त्या नावाचा फोल्डरच नसेल तर शंका पक्की.

आणखी एक. २०१२ नंतरच्या ब्लू-रे प्लेअरमध्ये सिनाव्हिया नावाची यंत्रणा असते. चित्रपटाच्या आवाजातच कानाला न जाणवणारी खूण पेरलेली असते. राइट केलेल्या डिस्कवर ती सापडली की वीसेक मिनिटांनी आवाज बंद होतो आणि पडद्यावर सूचना येते. प्लेअर बिघडला म्हणून दुरुस्तीला नेण्याआधी ती सूचना वाचा.

चित्र बघून काय ओळखायचं?

थिएटरमध्ये कॅमेरा लावून उतरवलेली प्रत कोणालाही कळते: वाकडी चौकट, मध्येच उठून जाणारं डोकं, प्रेक्षकांचं हसणं. कोपऱ्यात टीव्ही वाहिनीचा लोगो, किंवा तो झाकायला लावलेला धूसर चौकोन, म्हणजे टीव्हीवरून उतरवलेली. डिस्क कंपनीचा स्वतःचा लोगो मात्र अधिकृत प्रतींतही चित्रभर असतो. वैतागवाणा प्रकार, पण चोरीचा नाही. एका कंपनीचा लोगो चित्रावर आणि दुसरीचं नाव कव्हरवर, असं दिसलं तर मात्र उत्तर मिळालंच.

डिस्क अडकते, मध्येच थांबते. डुप्लिकेट म्हणूनच ना?

अस्सल डिस्कही कुजतात. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या. चिकटद्रव्य बिघडलं, कडेने हवा शिरली की आतला थर खराब होतो. वॉर्नरच्या २००६ ते २००८ या काळातल्या काही डीव्हीडी अशा खराब होत असल्याचं त्या कंपनीनेच मान्य केलं आहे. आपल्याकडे दमट हवा आणि पावसाळा यांची भर. उजेडासमोर धरल्यावर टाचणीएवढी भोकं किंवा कडेने ढगाळ डाग दिसले, तर हे त्याचंच लक्षण.

ऑनलाइन घेताना हात लावता येत नाही. मग?

विक्रेत्याकडून चार फोटो मागा: कव्हरची मागची बाजू सरळ उजेडात, डिस्कची छापील बाजू, खालची बाजू, आणि भोकाभोवतीच्या भागाचा जवळून फोटो. अस्सल माल विकणारा कुरकुर करत का होईना, पाठवतो. ‘स्टॉक फोटो आहे, माल सेम येईल’ असं उत्तर आलं तर पैसे पाठवू नका. वर्णनात ‘मास्टर प्रिंट’, ‘एचडी क्वालिटी कॉपी’, ‘संग्राहकांसाठी खास आवृत्ती’ असे शब्द असतील, तर विक्रेता आडवळणाने खरं तेच सांगतोय.

अशी डिस्क घरात असणं गुन्हा आहे का?

कायद्याचा रोख प्रत काढणाऱ्यावर, विकणाऱ्यावर, भाड्याने देणाऱ्यावर आणि धंद्यासाठी दाखवणाऱ्यावर आहे. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. उपनिरीक्षक किंवा त्यावरचा पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. महाराष्ट्राने तर २००९ मध्ये एमपीडीए कायद्यात, म्हणजे झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांना स्थानबद्ध करण्याच्या कायद्यात, व्हिडिओ पायरेट्सनाही घातलं. त्याखाली वर्षभरापर्यंत स्थानबद्धता होऊ शकते.

संग्राहकाने लक्षात ठेवायची गोष्ट एवढी, की डिस्क डुप्लिकेट आहे हे कळल्यावर ती पुढे विकली तर तुम्हीही विकणाऱ्यांत येता. ‘मी जशी घेतली तशी दिली’ हे उत्तर चालत नाही. अदलाबदलीच्या ढिगात टाकू नका, ग्रंथालयाला भेटही देऊ नका.

डिस्क ओरिजिनल आहे. गणपतीत मंडळाच्या पडद्यावर लावली तर चालेल ना?

नाही. कव्हरवर ‘केवळ घरगुती वापरासाठी’ असं लिहिलेलं असतं ते याचसाठी. सार्वजनिक प्रदर्शनाला हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते. तिकीट लावलेलं नाही म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका. हेच खासगी बसवाल्यांनाही लागू.

विक्रेत्याने ओरिजिनल म्हणून डुप्लिकेट दिली. आता काय करू?

वेष्टन, बिल आणि व्यवहाराचे संदेश जपून ठेवा. डिस्कच्या खालच्या बाजूचे आणि भोकाजवळचे फोटो काढा, संगणकावर दिसलेल्या प्रकाराचा स्क्रीनशॉट घ्या आणि आधी लेखी परतावा मागा. ऑनलाइन संकेतस्थळावरून घेतली असेल तर परतीची मुदत संपण्याआधी ‘बनावट वस्तू’ हेच कारण निवडा. ‘खराब निघाली’ असं निवडलंत तर बदलून तीच दुसरी येईल. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

एखादा माणूस ढिगाने असा माल विकताना दिसला तर कव्हरवर ज्या कंपनीचं नाव वापरलंय तिला कळवा. हक्क तिचा आहे, आणि तिने स्वतः तक्रार दिली तर पोलीस ठाण्यात हक्काची कागदपत्रंही तीच दाखवू शकते.